नीलोफर आली तो हिवाळा

तूर फुलोऱ्यातून शेंगांत आली की बुलडाण्याच्या हवेत एक कोरडी, गोडसर थंडी उतरते. सकाळी खिडकी उघडली तर डोंगराची कड धुक्यात अर्धी बुडालेली दिसते. कुठूनतरी काड्याकचरा पेटवल्याचा धूर येतो. शाळेत पोरं स्वेटरच्या बाह्या ओढून हात आत लपवतात आणि मी फळ्यावर वाऱ्यांच्या दिशा काढत असते. सगळ्यांना हा ऋतू आवडतो. कोणी हुरड्याला बोलावतं, कोणी मळ्यात वांग्याच्या भरताला. मी जाते, खाते, हसते. पण थंडीची पहिली शिरशिरी अंगावर आली की माझ्या नाकात भलताच वास भरतो. घोड्याच्या घामाचा, तेल लावलेल्या चामड्याचा आणि भिजवलेल्या हरभऱ्याचा मिळून झालेला एक वास. तो आता माझ्या जवळपास कुठेच नाही. तरी येतो.

तो हिवाळा मी अकरावीत होते तेव्हाचा. पुढे कितीतरी हिवाळे आले आणि गेले, पण त्यातला एकही असा सलग, वासासकट आठवत नाही.

बाबा फौजेत होते, आणि तेही घोडदळात. देऊळघाटाच्या बाजूला आमचं गाव. तिथे हे कोणाला पटायचंच नाही. "रणगाड्याच्या जमान्यात घोडं काय करते बे, सुखदेव?" असं पारावरचा कोणीही विचारायचा. बाबा न चिडता सांगायचे की लढाईवर आता घोडे जात नाहीत, पण फौजेनं ते ठेवलेत; संचलनाला, समारंभाला, खेळाला. मग म्हणायचे, "लढत नाही म्हनून काय घोडं घोडं नाही राहत?"

ते सुट्टीवर आले की घरात सगळा रिसाला, म्हणजे घोडदळच, उतरायचा. जिनाचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, किती आवळायचा, तर खाली दोन बोटं सहज जातील इतका. जिनाखालच्या घोंगडीला एकसुद्धा चुणी राहता कामा नये, कारण माणसाला न दिसणारी चुणी घोड्याच्या पाठीवर संध्याकाळी जखम होऊन दिसते. घोड्याचं दाणापाणी झाल्याशिवाय स्वारानं जेवायचं नाही. आई भाकरी थापता थापता हे सगळं ऐकायची. मी समोर बसून ऐकायची. मिलिंददादा ऐकायचा नाही. तो माझ्याहून बराच मोठा, बी.एड. होऊन घरी बसलेला. नोकरी मिळत नव्हती, आणि घोड्यांच्या गोष्टींचं त्याला काय होतं?

एकदा बाबांनी मला बारगीर आणि शिलेदार यातला फरक सांगितला. जुन्या मराठी फौजेत ज्याला घोडा सरकारातून मिळायचा तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा तो शिलेदार. शिलेदाराचा मान मोठा. या आपल्या वऱ्हाडातून निजामाची, भोसल्यांची, इंग्रजांची अशी किती घोडदळं धूळ उडवत गेली, असं ते सांगायचे, आणि त्या प्रत्येक घोड्यामागे गवत कापणारा एक माणूस चालत होता, हेही सांगायचे. तो माणूस आमच्या घरातला होता. आजोबांनी उभी हयात पाटलांच्या घोडीसाठी गवत कापलं होतं. तिला खरारा केला, तिचं शेण उचललं, पण तिच्या पाठीवर ते कधी बसले नाहीत. आमच्या वस्तीतला कोणीच बसला नव्हता.

अपवाद बाबांचा. तेही चोरून. पाटलांचा मुलगा गुलाब हा बाबांच्या वर्गात होता. त्या दोघांची मैत्री गावाला खटकायची, पण टिकली. गुलाबकाका आमच्या घरी येऊन, मांडी घालून जेवायचे, आणि त्या काळी ते साधं नव्हतं. एका दुपारी त्यांनी बाबांना नदीकाठी नेऊन आपल्या वडिलांच्या घोडीवर बसवलं होतं. "एक चक्कर मारली फक्त," बाबा सांगायचे. "पन खाली उतरलो तवा मी तो नव्हतो." भरतीच्या वेळी त्यांनी घोडदळ मागून घेतलं ते त्या एका चकरेमुळे.

फौजेत घोडा थकला की त्याला बाद करतात आणि लिलाव करतात. बाबांचा पहिला घोडा असाच ते सुट्टीवर असताना गेला. परत गेले तर ठाण रिकामं. त्यावर ते फारसे बोलले नाहीत. पण दफेदार म्हणून निवृत्त व्हायची वेळ आली तेव्हा त्यांच्या तुकडीतली एक घोडी त्याच यादीत लागली होती. त्यांनी ती लिलावात घेतली. आईला कळवलं ते घेतल्यानंतर.

ती राजस्थानातून ट्रकमधून मलकापूरपर्यंत आली. पुढे बाबांनी तिला रस्त्यानं आणलं, थोडं तिच्यावर बसून, बरंचसं तिच्याबरोबर चालत. मोताळ्याला आत्याकडे मुक्काम, मग राजूरचा घाट चढून वर. पावसाळा सरत होता, घाट हिरवागार होता, असं ते पुढे कितीदा तरी सांगायचे. आम्ही वेशीशी उभे होतो. वळणावरून आधी टापा ऐकू आल्या, मग ती दिसली. उंच, करडी, वयानं पांढरी होत चाललेली. मान ताठ. बाबांनी गावात शिरताना खाली उतरावं, असं आईला वाटत होतं. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "उतरा म्हनाव. उगीच लोकाईच्या डोळ्यावर." बाबा उतरले नाहीत. पाराशेजारून, देवळासमोरून, विहारापर्यंत ते तसेच बसून आले. लोक उठून बघत होते.  सगळेच काही हसत नव्हते.

आजोबा दारात उभे होते. घोडी येणार हे ऐकून त्यांनी सकाळीच गवताचा भारा कापून आणला होता. तो त्यांनी तिच्यासमोर टाकला, तिच्या मानेवर हात ठेवला, आणि आईकडे वळून म्हणाले, "हे आपल्या घोडीचं गवत हाये बरं का, सूनबाई." एवढंच. मग आत जाऊन बसले. 

घोडीचं कागदोपत्री नाव नीलोफर. वस्तीनं त्याचं दोन दिवसांत निलू करून टाकलं.

त्याच संध्याकाळी गुलाबकाका आले. ते आता धामणगाव बढ्याला राहायचे. तिथे सासरची जमीन, व्यापार, आणि त्यांनीच उभी केलेली एक शाळा. त्यांनी बाबांना मिठी मारली. "लेका, तू त शिलेदार झाला," म्हणाले. बाबांचे डोळे भरून आले. मी बाबांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

मग तो ऋतू सुरू झाला. पहाटे उठायचं, हरभरा भरलेला तोबरा निलूच्या तोंडाला बांधायचा, ती चघळत असताना खरारा करायचा. तिच्या अंगातून वाफा निघायच्या. बाबांनी मला घोड्यावर बसायला शिकवलं ते आमच्याच ज्वारीच्या बांधावर. पहिले काही दिवस पाय ठेवायची रिकीब दिलीच नाही. "पाय लटकू दे. बुडानं घोडीले ओळखलं पाह्यजे, मग रिकीब." मी कितीदा पडले. प्रत्येक वेळी निलू थांबून वळून बघायची, जणू ही कशाला उतरली. मग एक दिवस कदम चाल सुटून दुडकी आली, आणि दुडकीत माझं अंग तिच्या अंगाबरोबर वर-खाली व्हायला लागलं. ज्वारीची कणसं माझ्या गुडघ्यापर्यंत आली होती. वरून शेत बघताना ते आपलंच शेत आहे असं वाटेना, इतकं ते मोठं दिसत होतं. रानात तुरीवर पिवळं सांडलेलं होतं. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. कोणी म्हणायची, "पोरगी घोड्यावर?" आणि दुसरी म्हणायची, "काऊन, पोरीले पाय नाहीत काय?"

फौजेत घोड्याच्या खुरावर नंबर डागतात. निलूच्या पुढच्या डाव्या खुरावर तो होता. खूर आपल्या नखासारखा वरून वाढतो, त्यामुळे नंबर महिन्या-महिन्याला खाली सरकतो आणि तिथे फौजेत पुन्हा डागतात. आमच्याकडे कोण डागणार? तो तसाच उतरत चालला होता. बाबा खूर साफ करताना त्यावर अंगठा फिरवायचे. "हा घासून गेला की ही पूर्न आपली," म्हणायचे.

दिवाळीत गुलाबकाका सहकुटुंब भेटायला आले होते. अंगणात पोरांनी फटाक्यांची माळ लावली. आम्ही दचकलो, बैल दाव्याला हिसडे द्यायला लागला. निलूनं फक्त एक कान वळवला. काका बघतच राहिले. बाबांनी मग हौसेनं सगळं सांगितलं. नव्या घोड्याला आधी दाणा खाताना लांबून डबे वाजवून दाखवतात, मग ढोल, मग बंदुकीचे बार, दरवेळी थोडं जवळून. आवाज झाला की खायला मिळतं, हे त्याच्या डोक्यात बसतं आणि भीती जाते.

"म्हंजे बँड वाजला तरी हालत नाही?" काकांनी विचारलं.

"बँड त तिच्या रोजच्या परेडीले असे," बाबा म्हणाले. "तोफ वाजली तरी हालत नाही ती."

काका हसले. तिच्या पांढऱ्या पाठीवरून त्यांनी सावकाश हात फिरवला. मला वाटलं, मित्राचं कौतुक करून राह्यलेत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांचा परेडीत कधीतरी दुखावलेला गुडघा इतका सुजला की फौजेच्या दवाखान्यात दाखल व्हायचं ठरलं. औरंगाबादला. शस्त्रक्रिया, मग मावशीकडे राहून व्यायाम, असा बराच काळ जाणार होता. निलूचं काय करायचं? आजोबा थकलेले, माझं कॉलेज, दादाला तिच्याजवळ जायचं नसायचं. गुलाबकाकांनी आपणहून विषय काढला. त्यांच्या मळ्यात चाऱ्याला लसूणघास होता, गडी होते, सावली होती.

"माह्याकडं राहू दे," ते म्हणाले. "मी आन् तू काय दोन हावो?"

बाबा म्हणाले, "राहू दे, गुलाब. फक्त इच्यावर कोनी बसू नाही. ती आता थकली हाये. हिंडू दे, खाऊ दे."

काकांनी तिच्या आयाळीवर हात ठेवला. "कोनी बसनार नाही. माही लेक समज तिले."

दुसरं कोणी मोकळं नव्हतं म्हणून दादाच तिला घाटाखाली घेऊन गेला. बाबांनी जीन बरोबर दिलं नाही. विश्रांतीला चाललेल्या घोडीला जीन कशाला, म्हणाले. मी वेशीपर्यंत गेले. निलू नेहमीच्या चालीनं, कोणी संचलनाला नेत असल्यासारखी, नीट पावलं टाकत गेली.

ती नसलेला काळ मला फार आठवत नाही. तूर कापली गेली. गोठ्यात तिच्या जागी पेंढ्या रचल्या. मध्ये एक मोठी गोष्ट घडली: दादाला नोकरी लागली. गुलाबकाकांच्याच शाळेत. आधी बदली शिक्षक म्हणून, मग कायम. आईनं वस्तीत पेढे वाटले. दादा धामणगावला खोली घेऊन राहायला लागला. बाबा काठी टेकत परत आले तेव्हा त्यांना हे कळलं. मग म्हणाले, "गुलाबनं आपल्या घरासाठी लय केलं."

त्या उपकारामुळेच त्यांना निलूबद्दल जोर करून विचारता येईना. निरोप पाठवला तर उत्तर यायचं, तिच्या पायाला थोडं लागलंय, डॉक्टर येऊन राह्यले, बरी झाली की पाठवतो. पुढच्या निरोपाला, घासाचं नवं पीक आलंय, खाऊ द्या अजून. दादा शनिवारी घरी यायचा. बाबा विचारायचे, "पाह्यली काय रे निलू?" तो ताटाकडे बघत म्हणायचा, "हाव. मस्त हाये."

माघ आला. बाबा एक दिवस म्हणाले, "तिचे खूर कापाचे झाले असतील. आपन दोघं जाऊन येऊ. कोनाले तरास नको." आम्ही कोणालाही न सांगता बसनं निघालो. बाबांनी पिशवीत खूर कापायची हत्यारं घेतली होती आणि गुळाचा खडा. बसच्या खिडकीतून ऊन येत होतं. बाबा खुशीत होते. गुडघ्यावर हात ठेवून सांगत होते, "आता मांड बसते माही. उन्हाळ्याआधी मी बसून पाहीन."

मळ्यात घोडी नव्हती. तिचं ठाण होतं, खुंटा होता, घासाचं शेत खरोखरच हिरवंगार होतं. एक म्हातारी निंदत होती. बाबांनी विचारलं. तिनं मान वर करून सांगितलं, "घोडी? ते लग्नात गेली. रोजच जाते अवो, लग्नाचे दिस हायेत ना. आज गावातच हाये, वाजून राह्यलं पाहा."

बँड ऐकू येत होता.  बाबा काठी टेकत, पण जवळजवळ पळत निघाले. मी मागे.

बाजारपेठेच्या रस्त्यावर वरात होती. पुढे बँड, पोरं नाचत होती, फटाके फुटत होते. मध्ये पांढरी घोडी. जरीची झूल, कपाळावर आरसे, पुढच्या पायात घुंगरं. तिच्यावर फेटा बांधलेला नवरदेव दोन्ही हातांनी झूल पकडून बसलेला. ती नाचत होती. एक पाय वर, मग दुसरा, पुन्हा पहिला. बाजूला चालणारा माणूस लगाम हिसकायचा आणि बारीक छडी तिच्या पायाच्या नळीवर टेकवायचा. जवळ गेल्यावर मला तिचं तोंड दिसलं. लगामाच्या लोखंडाला आतून काटे होते. फेसात लाल होतं.

ती फटाक्यांना भीत नव्हती. बाबांनी सांगितलं होतं तसंच. म्हणूनच तिला इतकी मागणी होती.

बाबा पुढे झाले आणि त्या माणसाला म्हणाले, "लगाम सोड."

"तुमी कोन?"

"मी इचा मानूस."

त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की त्यानं लगाम सोडला. मला वाटलं आता बाबा नवरदेवाला उतरवतील, झूल फेकून देतील. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी लगाम सैल केला, तिच्या गालाशी तळहात धरला, आणि वर बघून त्या घाबरलेल्या मुलाला म्हणाले, "नवरदेव, पाय रिकिबीत ठेवा. सरळ बसा. काही होत नाही." मग तिला घेऊन चालायला लागले. लोकांना वाटलं, दुसरा घोडीवाला आला. बँड वाजत राहिला. घोडी हळूहळू नाचायची थांबली आणि बाबांच्या खांद्याशी मान नेऊन, दोघंही जरा लंगडत, मांडवापर्यंत गेली. त्या मुलाच्या लग्नात विघ्न नको, असा विचार त्या वेळीसुद्धा त्यांच्या मनात होता. मला त्याचा राग आजही आहे आणि अभिमानही आहे.

मांडवाच्या तोंडाशी, पुढच्या खुर्चीवर गुलाबकाका बसले होते, गुलाबी फेटा बांधून. बाबांना बघून उठले.

"सुखदेव, तू? पाय बरा हाये ना?"

"पाय बरा हाये," बाबा म्हणाले. "घोडीचं तोंड बरं नाही."

काका हसल्यासारखं करत म्हणाले, "अरे, ओळखीच्या लोकाईले एखांद्या वेळी देली. नाही म्हनता येत नाही."

"रोज जाते म्हने."

आजूबाजूचे लोक बघायला लागले होते. काकांचा चेहरा बदलला. त्यांनी बाबांना दंडाला धरून जरा बाजूला घेतलं. मी घोडीला धरून तिथेच होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"हे पाह्य, मी काही चोरून नाही आनली. तुह्या मिलिंदले सगळं ठाऊक हाये. त्यानंच सांगतलं, काका, घोडी राहू द्या तुमच्याकडं, बाबाले मी सांभाळतो. माह्यासमोर उभं राहून सांगतलं त्यानं. इचार त्याले."



काकांनी आवाज आणखी उतरवला. "आन् खरं सांगू काय? त्या गावात तुह्या दारात घोडी कोनाले पाहवत नव्हती. माह्या भावकीतले लोक रोज बोलत होते. मी इकडं आनली म्हनून गोष्ट मिटली. उपकार समज."

मी बाबांकडे बघत होते. मारलं असतं तरी चेहरा असा झाला नसता. ते बराच वेळ मित्राकडे बघत राहिले, त्याला पहिल्यांदाच नीट बघितल्यासारखे. मग म्हणाले, "गुलाब, मले घोड्यावर पयल्यांदा तूच बसवलं होतं."

"त्याचं काय आता?"

"काही नाही," बाबा म्हणाले.

नवरदेव उतरल्यावर त्यांनी झूल आणि तिच्याखालचं जीन काढलं, झूल घडी करून खुर्चीवर ठेवली. घुंगरं सोडली. लगाम काढताना निलूनं डोकं वर फेकलं, तेव्हा त्यांनी तिच्याशी फौजेतल्या हिंदीत काहीतरी हळू बोलत तो काढला आणि झुलेवर ठेवला. आपला गमछा तिच्या गळ्यात बांधला. आम्ही निघालो. मोताळ्याला आत्याकडे थांबलो, दुसऱ्या दिवशी घाट चढलो. वाटेत बाबांनी तिला गुळाचा खडा दिला. तिनं तो तोंडात घेतला आणि टाकून दिला. जीभ फाटलेली होती.

शनिवारी दादा आला. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तुले ठाऊक होतं?"

दादा उभाच राहिला. "काकांनी घोडी मागतली नाही, बाबा. पन मले समजत होतं ना, काय पाह्यजे ते. जागा एकच होती. तीन वर्सं घरी बसलो होतो मी."

"मले सांगतलं असतं त मीच देली असती," बाबा म्हणाले. "तुह्या नोकरीहून काय घोडी मोठी हाये? पन मले सांगाचं होतं."

"तुमी नसती देली."

दादा हे खरोखरच मानत होता. बाबांना ते जास्त लागलं असावं, कारण ते उठून गोठ्यात गेले. या विषयावर त्या दोघांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही. दादा नोकरीत राहिला. त्याच पगारातून घराला पक्कं छत आलं, आजोबांची औषधं आली, माझं बी.एड. झालं. मी ज्या खुर्चीवर बसून भूगोलाच्या वह्या तपासते तिच्यापर्यंतची वाट तिथूनच आली आहे. त्यामुळे मला दादाचा नुसता राग करता येत नाही, आणि त्याला माफ केलं असंही म्हणता येत नाही.

निलूच्या तोंडात पुन्हा लोखंड गेलं नाही. जखमा भरल्या. ती खायला लागली, अंग धरलं. पण गावात कुठेही बँड वाजला की गोठ्यात ती नाचायला लागायची. एकटीच, दाव्याला बांधलेली, समोर कोणी नसताना. एक पाय वर, मग दुसरा. कान मागे पडलेले, अंगाला घाम. इतक्या वर्षांच्या तालमीनं तिच्या मनातून जी भीती काढली होती, ती एका लग्नसराईनं परत भरली. बाबा जेवत असले तर ताट सारून उठायचे, तिच्या मानेला मिठी घालून उभे राहायचे, आणि वाजंत्री दूर जाईपर्यंत तिच्या कानाशी बोलत राहायचे. एकदा मी दाराशी उभी होते. ते म्हणत होते, "बस, बेटा. परेड खतम."

ती पुढच्याच्या पुढच्या पावसाळ्यात गेली. बाबांनी तिला आमच्याच बांधाशी पुरलं. खुरावरचा नंबर तोवर कधीच घासून गेला होता.

बाबा जाऊनही आता बराच काळ झाला. त्यांच्या शोकसभेत गुलाबकाका बोलले. जिवलग मित्र म्हणाले, शिलेदार म्हणाले. लोकांनी डोळे पुसले. मी त्यांना चहा नेऊन दिला.

आणि परवा, या थंडीत, दादाच्या मुलाचं, अनिकेतचं लग्न झालं. चिखलीला. दादा आता निवृत्त आहे, गावात मान आहे. मांडवाबाहेर मोठा फलक लावला होता. त्यावर बाबांचा गणवेशातला फोटो, शेजारी निलू. मला कोणी विचारलं नव्हतं. अनिकेत घोडीवर बसला, आणि दादा व्याह्यांना, पाहुण्यांना सांगत होता, "आमच्या घरात घोडा जुना आहे. बाबांनी तर रिसाल्यातली घोडी दारात आणली होती. मी स्वतः तिची सेवा केली. शेवटपर्यंत."

अनिकेतनं वरून मला विचारलं, "आत्या, कशी होती हो ती?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती. त्याची खात्री होती की मी काही बोलणार नाही. इतकी वर्षं बोलले नव्हतेच.

"शांत होती," मी म्हणाले.

बँडवाल्यानं नवं गाणं धरलं. दादा हसत पुढे आला आणि सगळ्यांसमोर नाचायला न्यायला त्यानं माझा हात धरला. मी हात सोडवून घेतला. त्याला वाटलं निसटला, म्हणून त्यानं पुन्हा धरला. मी पुन्हा सोडवून घेतला, आणि या वेळी त्याच्या डोळ्यांत बघत.

तो काहीतरी म्हणाला. बँडच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.